सात उद्गारांवरचे मनन: शुभ शुक्रवारी वधस्तंभाचा अर्थ कसा मांडावा

शुभ शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिले जातात. त्यांत पाळक असतात, तशाच शाळेतल्या बाई, तरुण संघातला एखादा मुलगा, मंडळीतले वडीलही असतात. बहुतेकांना आपला उद्गार झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे जेमतेम पाच दिवस आधी कळतो आणि मग घाईत एकच मनन सात वेळा ऐकायला मिळते: माणूस पापी, देव न्यायी, येशूने शिक्षा भोगली, विश्वास ठेवा. यातले काही खोटे नाही. पण सुवार्तेत सात वेगळे उद्गार आहेत आणि प्रत्येकातून वधस्तंभाचा वेगळा पैलू पुढे येतो. आपल्या वाट्याचा उद्गार जे सांगतो तेच नीट सांगणे, हे वक्त्याचे काम.

ही उपासना पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरू आलोन्सो मेसिया यांनी रूढ केली आणि तिथून ती सगळीकडे गेली. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती इतकी मुरली आहे की दुपारी बारा ते तीन ही वेळ कुणाला सांगावी लागत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला असे म्हटले आहे. ती हीच वेळ. कॅथलिक परंपरेत त्या दिवशी मिस्सा नसते, योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचली जाते आणि क्रुसाला वंदन होते. सात उद्गारांवरचे चिंतन किंवा चौदा स्थानांची क्रुसाची वाट तिथे वेगळी होते. पुढची तयारी दोन्हीकडे चालेल.

वेळेचा हिशोब आधी

तीन तास म्हणजे १८० मिनिटे. एका उद्गाराला २२ मिनिटे धरा: वाचन २, मनन १२, शांतता २, प्रार्थना ३, गीत ३. सात गुणिले बावीस १५४. उरलेल्या २६ मिनिटांत सुरुवात १०, समारोप १० आणि ६ मिनिटे हातात. व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला ९० ते १०० शब्द होतात, म्हणजे बारा मिनिटांना साधारण ११०० शब्द पुरतात. हाताने लिहिलेली साडेचार-पाच पाने. आठ पाने झाली असतील तर दोन मनने लिहिली गेली आहेत. त्यातले एक ठेवा.

उद्गार राखेच्या बुधवारीच, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशीच वाटून द्यावेत. तिथून शुभ शुक्रवारपर्यंत सहा आठवड्यांहून जास्त वेळ मिळतो.

पहिला आठवडा: फक्त वाचन

मत्तय २६-२७, मार्क १४-१५, लूक २२-२३, योहान १८-१९. आठ अध्याय. एका सुवार्तेला एक बैठक द्या आणि चौघांचे चार कागद वेगळे ठेवा. सात उद्गारांपैकी तीन लूकात आहेत, तीन योहानात, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा" हा एकच मत्तय व मार्कात. मार्काचा येशू वधस्तंभावर दुसरे काहीच स्पष्ट शब्दांत बोलत नाही; शेवटी मोठ्याने ओरडून प्राण सोडतो. लूकाचा येशू शेवटपर्यंत इतरांसाठी बोलतो आणि बापाच्या हाती आत्मा सोपवतो. योहानाचा येशू सगळे जाणून, सगळे पूर्ण करून मस्तक लववतो. आपला उद्गार कुणाच्या सुवार्तेतला, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवा आणि दाखले शक्यतो त्याच सुवार्तेतून घ्या. लूकातल्या शांत प्रार्थनेवर बोलताना मार्काची आरोळी मध्येच आणली की दोन्हींचा जोर जातो.

दुसरा आठवडा: कोणते अर्थ आहेत ते समजून घेणे

ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला यावर सगळी मंडळी एक आहे. पण त्या मरणाने तारण नेमके कसे घडले, याची एकच उपपत्ती कोणत्याही सार्वत्रिक धर्मसभेने सगळ्यांवर बांधील केलेली नाही. नायसियाचा विश्वासांगिकार, म्हणजे मंडळीने एकत्र म्हणायचा विश्वासाचा सारांश, "आमच्यासाठी" एवढेच म्हणून थांबतो. नव्या करारात चित्रे अनेक आहेत: खंडणी (मार्क १०:४५), बलिदान (इब्री ९ व १०), समेट (२ करिंथ ५), विजय (कलस्सै २:१५), शाप अंगावर घेणे (गलती ३:१३), कित्ता (१ पेत्र २:२१). पुढच्या धर्मपंडितांनी यातले एकेक चित्र धरून विचार पुढे नेला.

सुरुवातीच्या शतकांत खंडणी आणि विजय ही भाषा जोरात होती. माणूस पाप, मरण आणि सैतान यांच्या ताब्यात आहे, ख्रिस्ताने त्याला सोडवले. मग प्रश्न आला, खंडणी दिली कुणाला? निसाच्या ग्रेगरीने सैतान गळाला लागलेल्या माशासारखा फसला असे चित्र रंगवले. नाझियांझच्या ग्रेगरीला, चोराला देवाने मोबदला द्यावा ही कल्पनाच सहन झाली नाही. वक्त्याने यातून एक धडा घ्यावा: रूपक जितके सांगते तितकेच घ्यावे. सुटकेला मोल पडले, एवढे खंडणी हा शब्द सांगतो. विजयाचा हा विचार स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन यांनी १९३० मध्ये पुन्हा चर्चेत आणला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी तो कधी सोडलाच नव्हता.

१०९८ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी खंडणी सैतानाला दिल्याची कल्पना बाजूला सारली. पापाने देवाचा मान हिरावला जातो, ती भरपाई माणसाने करायला हवी आणि करू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इथे बहुतेक वक्ते घसरतात. अँसेल्म यांच्याकडे भरपाई *किंवा* शिक्षा असा पर्याय आहे, आणि ख्रिस्ताने भरपाई केली म्हणून शिक्षा टळली. शिक्षाच ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली, हे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांचे, विशेषतः कॅल्विन यांचे म्हणणे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट उपदेशांत दुसरे असते.

अँसेल्म यांच्यानंतर थोड्याच वर्षांत पीटर अबेलार्ड यांनी भर दिला तो प्रेमावर: वधस्तंभावर देवाची प्रीती दिसली की माणसाचे मन वळते. रोमकरांस ५:८ हा त्याचा आधार. हा विचार एकटाच धरला तर पापाचे गांभीर्य हलके होते, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती रास्त आहे. पण प्रीतीवाचून बाकीच्या उपपत्ती मांडल्या तर वधस्तंभ नुसता हिशोब होऊन बसतो, हेही तितकेच खरे.

मराठी वक्त्याने आणखी एक वचन उघडून ठेवावे: इब्री १३:१२. येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. रोमी सत्तेत ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० जणांना वधस्तंभावर चढवले गेले. वेदनेइतकीच त्यात उघड्यावरची विटंबना होती. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या मागच्या पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या आहेत. त्यांच्यासमोर देवाच्या पुत्राला कुठे मारले हे सांगताना लांबलचक भाष्य लागत नाही. ती जागा सांगावी आणि थोडे थांबावे.

तिसरा-चौथा आठवडा: उद्गाराला त्याचाच अर्थ देणे

"हे बापा, त्यांना क्षमा कर." लूक २३:३४. इथे पश्चात्तापाच्या आधी क्षमा मागितली जाते. शिपाई अजून वस्त्रे वाटून घेत आहेत. अबेलार्ड यांचा विचार इथे नैसर्गिकपणे बसतो. काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य नाही, आणि बायबलच्या काही आवृत्त्यांत तशी तळटीप असते. मंडळीत कुणी विचारले तर माहीत असावे, मननात आणू नये. या उद्गारावर होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे मार खाणाऱ्या बाईला "येशूने क्षमा केली, तूही कर आणि घरी जा" असे ऐकू जाणे. येशूने इथे क्षमा बापाकडे मागितली आहे, आणि कुणालाही मारणाऱ्याच्या हाती परत पाठवलेले नाही. हे एक वाक्य स्पष्ट बोलाच.

"तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." बदली मरणाचा, म्हणजे ख्रिस्ताने आपल्या जागी शिक्षा भोगली हा विचार मांडायला हा उद्गार उत्तम, कारण लूकाने तो विचार कथेतच गुंफला आहे. थोडे आधी बरब्बा हा कैदी सुटतो आणि त्याच्या जागी येशू जातो. मग दुसरा अपराधी म्हणतो, आपण आपल्या कृत्यांचे फळ भोगत आहोत, पण ह्याने काही अयोग्य केले नाही. न्यायालय, दंड, जामीन असे बाहेरचे दाखले आणण्याची गरजच नाही, बरब्बा पुरे.

"बाई, पाहा, हा तुझा मुलगा." याचे मातृदिनाचे भाषण होते, तिथेच ते फसते. वधस्तंभाखाली रक्ताच्या नात्यापलीकडचे घर उभे राहते, समेट माणसामाणसांतही होतो, हे सांगा. इफिस २:१४-१६ सोबत ठेवा. योहानाने त्या शिष्याचे नाव दिलेले नाही. "येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य" असेच म्हणा. कॅथलिक पाहुणे असतील तर मरियेला ते मंडळीची आई मानतात याचा आदराने उल्लेख करावा.

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा उद्गार अनुभवी माणसाकडे द्या. सात मननांतले सर्वांत मोठे चुकीचे वाक्य इथे बोलले जाते: "तेव्हा बापाने पुत्राकडे पाठ फिरवली, कारण पवित्र देवाला पाप पाहवत नाही." असे म्हणणाऱ्या थोर शिक्षकांची परंपरा आहे, पण मत्तय-मार्कात पाठ फिरवल्याचे कुठेही लिहिलेले नाही. आधाराला हबक्कूक १:१३ देतात. ते वचन पूर्ण वाचा. पहिल्या अर्ध्या भागात संदेष्टा म्हणतो, तुझे डोळे इतके शुद्ध की दुष्टता पाहवत नाही. आणि लगेच तक्रार करतो, मग तू विश्वासघातक्यांकडे पाहत का राहतोस? म्हणजे देव पाहतो आहे, हेच त्याचे गाऱ्हाणे.

उद्गार स्तोत्र २२ च्या पहिल्या ओळीचा आहे. त्या स्तोत्रात डोके हालवणारे लोक आहेत, वस्त्रांवर टाकलेल्या चिठ्ठ्या आहेत, आणि २४ व्या ओवीत देवाने पीडिताच्या दुःखाचा तिरस्कार केला नाही, त्याच्यापासून मुख लपवले नाही, असे आहे. कॅल्विन यांच्या परंपरेत ही आरोळी म्हणजे देवाचा न्यायनिवाडा खरोखर सोसणे. गलती ३:१३ आणि २ करिंथ ५:२१ तिथे येतात. इतर जण म्हणतात, पूर्ण स्तोत्र ध्यानात ठेवा, ही विश्वासातूनच आलेली आरोळी आहे. जर्मनीच्या युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये मांडले की पुत्र सोडून दिलेपण सोसतो आणि बाप पुत्राच्या मरणाचे दुःख सोसतो. यांपैकी कोणतीही बाजू घ्या, पण दोन कुंपणे ओलांडू नका. एक, स्तोत्राचा शेवट गोड आहे म्हणून आरोळी बोथट करू नका. येशूने पहिली ओळ म्हटली आहे आणि ती प्रश्न आहे. दोन, रागीट बाप आणि प्रेमळ पुत्र अशी फाळणी करू नका. देव ख्रिस्तामध्ये स्वतःबरोबर जगाचा समेट करत होता, असे पौल लिहितो, आणि योहान १०:१८ मध्ये येशू सांगतो की माझा प्राण कुणी घेत नाही, मी होऊन देतो. देवाला रक्त हवे होते म्हणून त्याने पोराला मारले, असे समजून घरी गेलेले मूल पुढे देवाला बाप म्हणायला बिचकते. बदली मरणाचा विचार मांडणाऱ्यावर ही जबाबदारी सर्वांत जास्त आहे.

"मला तहान लागली आहे." एजोब या झुडपाच्या काठीवर आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात भिजवलेला स्पंज. याआधी देऊ केलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस येशूने घेतला नव्हता (मार्क १५:२३). तो वेगळा, हा वेगळा. निर्गम १२:२२ मध्ये वल्हांडणाच्या कोकऱ्याचे रक्त दारावर लावायला एजोबच वापरतात, आणि पुढे योहान हाड मोडले नाही याचीही आठवण देतो. शिवाय इथे देहाची तहान आहे. देवाने मरण गाठायला मरणारा देह घेतला, हा अथानासियस यांचा विचार इथे दोन वाक्यांत मांडता येतो.

"पूर्ण झाले आहे." इब्री १०:११-१४ सोबत वाचा. याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो. ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. वाचताना "उभा" आणि "बसला" या दोन शब्दांवर थोडा जोर द्या, लोकांना आपोआप कळते. विजयाची भाषाही इथेच. फक्त त्या विजयाचे वर्णन करता करता पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत जाऊ नका.

"हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो." स्तोत्र ३१:५, पण "बापा" ही हाक येशूची स्वतःची. हे मनन सर्वांत लहान असावे, आठ मिनिटे पुरतात. मंदिराचा पडदा फाटल्याचे इथे बहुतेक जण सांगतात आणि जोडीला महायाजकाच्या पायाला दोरी बांधत असत ही गोष्टही. ती दोरी पवित्र शास्त्रात नाही. इब्री १०:१९-२० पुरेसे आहे.

पाचवा आठवडा: कापाकापी

लिहिलेले मोठ्याने वाचा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, रक्तबंबाळ वर्णने. खिळा किती लांब, कोणती नस तुटली, श्वास कसा कोंडला. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळ पहिल्या शतकातल्या माणसाच्या टाचेच्या हाडात आरपार खिळा सापडला, तो या शिक्षेचा खरा पुरावा आहे. पण चारही सुवार्तिक "त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले" एवढेच लिहितात. ऐकणाऱ्यांत लहान मुले असतात, नुकतेच कुणाला गमावलेले लोक असतात. सुवार्तेने जे सांगितले नाही त्यावर चार मिनिटे खर्चू नयेत.

दुसरी, "यहूद्यांनी येशूला मारले". येशू, त्याची आई, सगळे शिष्य यहूदीच होते. वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदार पंतय पिलात याने दिली आणि प्रेषितांच्या विश्वासांगिकारात त्याच्याखेरीज कुणाचे नाव दोषी म्हणून येत नाही. कॅथलिक मंडळीने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत स्पष्ट केले की तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर, किंवा आजच्या यहूद्यांवर, हा दोष लादता येत नाही. या आरोपापायी युरोपात शतकानुशतके माणसे मारली गेली आहेत. योहानाचा अध्याय वाचताना "यहूदी पुढारी" असे समजावून सांगावे.

तिसरी, हिंदू शेजाऱ्यांच्या यज्ञाशी किंवा कर्मसिद्धांताशी घाईत केलेली तुलना. दोन वाक्यांत ती कधीच न्याय्य होत नाही. मराठी मुळे दाखवायची असतील तर आपल्याच परंपरेत पुष्कळ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात हे दुःखसहन मराठी ओव्यांत सांगितले आहे, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांची पदे मंडळीला तोंडपाठ असतात. मननाच्या मध्ये पद म्हणू नका. गीतांच्या जागी ठरवून घ्या.

शेवटचा आठवडा

झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सातही जणांनी तासभर एकत्र बसावे. प्रत्येकाने आपले मनन एका वाक्यात सांगायचे. दोघांची वाक्ये सारखी निघाली तर नंतरच्या उद्गाराच्या वक्त्याने बदल करावा. एकच वचन दोनदा येत असेल तर ते कुणी वाचायचे ते तिथेच ठरवा. यशया ५३ जवळजवळ प्रत्येकाकडे निघतो. तो सुरुवातीच्या दहा मिनिटांत वाचून टाकला की सात जणांची सुटका होते.

घरी घड्याळ लावून उभ्याने एकदा वाचा. कागद एका बाजूला लिहिलेले, पानांवर आकडे घातलेले हवेत. भर दुपारी लोक उपाशीपोटी बसलेले असतात, म्हणून पाण्याची सोय मागच्या दाराशी ठेवावी आणि वृद्धांना मध्ये उठण्याची मोकळीक सुरुवातीलाच जाहीर करावी. पहिले दोन वक्ते लांबले तर हातातली सहा मिनिटे चौथ्या उद्गाराच्या आतच संपतात. मग काय कापायचे हे आधीच ठरवून ठेवा: गीताची कडवी कमी करा, समारोपाचे निवेदन गाळा. दोन मिनिटांची शांतता मात्र कापू नका, आणि चौथ्या उद्गारानंतर तर ती तीन मिनिटांची करा.